चांदीच्या कामाला टॉर्च कुठला आणि गॅस कुठला

दागिने करायला नवीन लागलेले लोक दुकानातल्या टॉर्चचा फोटो काढून पाठवतात आणि विचारतात, हा चालेल का, 1300 डिग्रीपर्यंत जातो म्हणे. आधी हे डिग्रीचं डोक्यातनं काढा. चांदीचा डाख (जोड लावायला वितळवतात तो मिश्रधातू) साधारण 700 ते 780 डिग्रीला वितळतो, 925 चांदी (साडेब्याण्णव टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबं) 800च्या थोडं पुढे वितळायला लागते, आणि एवढं तापमान लायटर-गॅसच्या छोट्या टॉर्चलाही सहज मिळतं. बघायचं ते हे की ज्योत केवढी मोठी आहे आणि तुमच्या पीसला ती पुरणार का.

कारण चांदी उष्णता पसरवण्यात सगळ्या धातूंच्या पुढे. जोडावर ज्योत धरली की उष्णता तिथे थांबतच नाही, पूर्ण दागिन्यात पळते, म्हणून चांदीत सगळा पीस तापवावा लागतो, नुसता जोड तापवून चालत नाही. सोन्याला बारीक टोकदार ज्योत जोडावर धरून भागतं, त्यामुळे सोन्याचं काम करणाऱ्या शेटकडे बघून तुम्ही चांदीसाठी टॉर्च निवडलात तर फसाल.

बुटेनचा, म्हणजे लायटर-गॅसचा, हातातला छोटा टॉर्च वाईट नाही हां. कानातले, साखळीच्या कड्या, बारीक अंगठी, एवढ्याला मस्त. पण त्याने जाड कडं जोडायला गेलात तर काय होतं बघा, टाकणखार (डाख नीट वाहावा म्हणून जोडाला लावतात तो) फुगतो, पांढरा होतो, मग काचेसारखा पातळ होतो, इथपर्यंत सगळं ठीक, आणि पुढे काहीच होत नाही. डाखाचा तुकडा गोळी होऊन तिथेच बसतो. तुम्ही तापवतच राहता, तोवर डाखातलं जस्त उडून जातं आणि तो आणखी उशिरा वितळायला लागतो, वर चांदीतलं तांबं जळून करडे-जांभळे डाग पडतात जे घासूनही सहजासहजी जात नाहीत. लोक म्हणतात डाख खराब होता. डाख बरा होता, ज्योत पुरत नव्हती.

म्हणून घरी काम करणाऱ्याने सरळ एलपीजीवर चालणारा, स्वतःच हवा ओढणारा टॉर्च घ्यावा आणि त्याला दोन-तीन मापाच्या टिपा (ज्योत निघते ती पुढची तोंडं) घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्सिजन नको, कॉम्प्रेसर नको, आणि ज्योत मऊ मिळते. पायाच्या भात्यावर चालणारी गॅस गनसुद्धा उत्तम, किंबहुना ज्योतीवर ताबा तिचाच जास्त, फक्त पाय आणि हात एकत्र चालायला सवय लागते.

सिलिंडर 5 किलोचा विनाकनेक्शन मिळतो तो घ्या, ओळखपत्र दाखवलं की एजन्सीत मिळतो. स्वयंपाकाचा लाल 14.2 किलोचा धंद्याला वापरायचा नाही, ते बेकायदा आहे. आणि चुलीचा रेग्युलेटर इथे बऱ्याचदा चालत नाही कारण तो फक्त 30 मिलीबारच्या आसपास दाब देतो, हवा ओढणाऱ्या टॉर्चला प्रेशर कमीजास्त करता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर लागतो, टॉर्च घेतानाच विचारून घ्या की याला किती दाब लागतो. पाईप आयएसआय मार्कचा, आणि 5 वर्षांनी बदलायचा, भेगा दिसल्या तर त्याआधीच. किती गॅस उरलाय कळायला सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, रिकाम्याचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

ऑक्सिजन कधी? प्लॅटिनम करणार असाल (ते 1768 डिग्रीला वितळतं) किंवा अगदी सुईसारखी ज्योत हवी असेल तेव्हा. मग दोन्ही लाईनला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत पाईपमध्ये मागे शिरू न देणारा) पाहिजेच, आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही, भडका उडतो. ॲसिटिलीनच्या नादी चांदीसाठी लागू नका, काजळी फार आणि ज्योत गरजेपेक्षा खूप कडक. पाण्यापासून गॅस करणारी मशीनं विजेवर चालतात, आपल्याकडे गोव्यात पावसात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीतच आहे.

आता जागेचं, हे नीट वाचा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. गोव्यातल्या जुन्या घरांना उंच उंबरठे असतात, खिडक्या वर असतात, म्हणजे खिडकी उघडी असूनसुद्धा खाली गॅस तसाच राहू शकतो. त्यामुळे दार उघडं ठेवा, शक्यतो बाल्कांवाच्या (दारापुढच्या ओसरीच्या) बाजूला बसा, सिलिंडर कायम उभा, आणि जोड तपासायचे ते साबणाच्या फेसाने, काडीने कधीच नाही. काम संपलं की सिलिंडरकडून बंद. डाख घेताना कॅडमियम नसलेलाच मागा, त्याचा धूर फुप्फुसाला फार घातक. बुटेनचे कॅन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका.

पीस ज्यावर ठेवून तापवतो त्या विटा आणि कोळसा जून ते सप्टेंबर ओल धरतात, एकदम ज्योत मारली की तडकतात, आधी हळूहळू शेकून घ्या. पितळी टिपांवर खाऱ्या हवेने हिरवं चढतं, भोक बारीक तारेने न कोरता फुंकून साफ करा, कोरलं की ज्योत कायमची वाकडी.

म्हापशाला घ्या की मडगावला, दुकानात पेटवून दाखवायला सांगाच. जाताना तुम्ही करता तेवढ्याच जाडीचं तांब्याचं कडं न्या, तांबं उष्णता जवळजवळ चांदीसारखीच पसरवतं. टाकणखार लावून तापवायला सांगा, आतल्या निळ्या शंकूच्या टोकाच्या जरा पुढे सगळ्यात गरम असतं, तिथे धरून ज्योत फिरवत राहायचं. दोनेक मिनिटांत पूर्ण कडं सारखं मंद लाल झालं तर टिप बरोबर, एकच बाजू लाल आणि बाकी काळं राहिलं तर मोठी टिप मागा.