पावसाच्या सुट्टीचं टाचण

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणच्या मराठी शाळेत नव्याने रुजू होत असाल, तर पावसाच्या सुट्टीचं टाचण जूनमध्येच काढून ठेवा. रेड अलर्टची सुट्टी बहुधा आदल्या संध्याकाळी कळते. तोवर कुठेतरी तारेवर झाड पडून वीज गेलेली असते, टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते. त्या रात्री साहित्य कुठलं शोधणार?

केंद्र सरकारचं शालेय साहित्याचं 'दीक्षा' ॲप २०१७ पासून आहे. त्यातलं मराठी साहित्य बरंचसं महाराष्ट्राच्या पुस्तकांना धरून असल्यामुळे इयत्ता निवडून पाठ शोधू नका, घटकाचं नाव टाका: 'अपूर्णांक', 'हातच्याची वजाबाकी'. गणिताला हे चालतं, भाषेच्या पाठांना फारसं नाही. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन झाला नाही, तर त्याच्याखालची सहा अक्षरं टाइप करा. हवे ते व्हिडिओ चांगली रेंज असेल तिथेच डाउनलोड करून घ्या. 'पीएम ई-विद्या'च्या शैक्षणिक वाहिन्या फ्री डिशवर फुकट दिसतात खऱ्या, पण ऐन मुसळधारेत डिशचं सिग्नलच जातं.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच निरोप २५६ जणांपर्यंत) सोयीची, फक्त ज्या पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पहिल्या पालकसभेतच, समोर बसवून, सेव्ह करून घ्या.

पाठवायचं काय? व्हिडिओ नको, दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज. तो काहीशे केबीत बसतो, रेंजची एक काडी असली तरी जातो. बोलायचं असं: "५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत. शेजारून एक दशक घ्या. आता एककाच्या घरात किती झाले? वहीत लिहा." इथे दहा सेकंद गप्प बसा. घड्याळ बघून. नवे शिक्षक नेमके इथेच चुकतात: लगेच "बारा" म्हणून मोकळे होतात, मग मूल नुसतं ऐकतं.

बऱ्याच घरांत फोन एकच, तोही पिसुर्ले किंवा कुंडईच्या कारखान्यातून संध्याकाळी घरी येणारा. सकाळी अकराचा लाइव्ह तास घेतलात तर हजर कोण राहणार? पाठ दुपारपर्यंत पाठवा, उत्तराला दुसऱ्या सकाळपर्यंत मुदत द्या.

वहीचे फोटो रात्री बल्बखाली काढले की नेमकी हाताची सावली आकड्यांवर पडते. सकाळी खिडकीपाशी, एका फोटोत एकच पान, वर नाव नि तारीख, एवढं पालकांना सांगून ठेवा. आणि पाच गणितं दिली तरी फोटो एकाचाच मागा. तीस मुलांचे दीडशे फोटो कोणी तपासत नाही, हे मुलांना आठवड्यात कळतं. उरलेली चार गणितं शाळा भरल्यावर पहिल्या तासाला, वही हातात घेऊन बघा.