जुन्या रिव्हॉल्व्हरवरचा गंज काढताना

कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत घरातल्या जुन्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरवर गंज लवकर धरतो. पण तो दिसताच पॉलिश पेपर मुळीच घासू नये, कारण त्याने मूळ निळसर झिलई आणि कारखान्याचे शिक्के कायमचे पुसले जातात. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून गंजावर हलके तेल रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी तांब्याच्या ढब्बू पैशाची कड त्यावर हलकेच फिरवावी. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने तांबूस भुकटी सुटते, ओरखडा सहसा उमटत नाही. चामड्याच्या म्यानात ते ठेवू नये, चामडे ओल धरते. आतल्या यंत्रणेची दुरुस्ती मात्र परवानाधारक कारागिराकडेच सोपवावी, कारण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो.