४२९४९६७२९७ : नंबर थिअरी सुरू करणाऱ्यांसाठी

स्वतःच्या हिमतीवर नंबर थिअरी शिकायला बसला असाल तर दहा पुस्तकं चाळू नका. ही एकच संख्या वहीवर घ्या आणि तिची पिसं काढा. २ चा ३२वा घात अधिक १. (प्रोग्रामिंगवाल्यांनो, ३२ बिटांत टाकलीत तर नुसता १ उरेल. सांभाळून.)

गोष्ट माहीतच असेल. ३, ५, १७, २५७, ६५५३७ (२ चा १, २, ४, ८, १६वा घात, अधिक १) या मूळ संख्या, तेव्हा पुढची हीसुद्धा मूळच, असं फ्रेंच गणिती फर्मा १६४० मध्ये धरून चालला. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने ती फोडली: ६४१ × ६७००४१७.

खरी मेख पुढे आहे आणि तिने मला चांगलंच लटकवलं. क्लासमध्ये सांगतात, संख्येतून १ वजा करा, २ चा तेवढा घात काढा, त्याला त्या संख्येनेच भागा. बाकी १ आली की संख्या मूळ. ही संख्या त्या चाचणीत पास होते! का, ते सावकाश बघा. २ चा ३२वा घात या संख्येपेक्षा १ ने कमी, म्हणून तिने भागताना त्याची बाकी उणे १ धरता येते. त्याचा वर्ग, म्हणजे ६४वा घात, १. आता आपल्याला घात किती हवाय? संख्या वजा १, म्हणजे पुन्हा २ चा ३२वा घात. त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो. मग बाकी १ येणारच. संख्या मूळ आहे की संयुक्त, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मिलर-राबिन (वर्ग करत जाताना उणे १ आला की पास करणारी, जरा कडक चाचणी) लावा, पाया, म्हणजे ज्याचा घात काढतो तो आकडा, २ असेल तर तीही पास: २, ४, १६, २५६, ६५५३६, पुढचा वर्ग थेट उणे १. ज्याची परीक्षा त्यानेच पेपर काढावा, तसला प्रकार.

पाया ३ घ्या. ३ चा लागोपाठ ३१ वेळा वर्ग करा, दर वेळी बाकी ठेवा. संख्या मूळ असती तर शेवटी उणे १ आला असता (पेपँची कसोटी, १८७७). येत नाही. ‘२ चालतंय, पुढे चला’ म्हणणाऱ्या सरांना हे जरूर विचारा. चिडले तर सर बदला.

ही उणे १ ची भानगड पहिल्या वाचनात कुणालाच पचत नाही, घाबरू नका. विभाजक शोधणं तर त्याहून सोपं. तो १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असावा लागतो: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ दोनच, आणि २५७ ने भागल्यास बाकी २. म्हणजे ६४१ दुसऱ्याच फटक्यात! वेबसाइटवर संख्या टाकून अवयव काढणाऱ्यांना ही मजा कधीच कळत नाही.

अजून एक करून बघा. ही संख्या ६५५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ६२२६४ आणि २०४४९ यांच्याही. मूळ संख्येला अशा दोन जोड्या नसतात, तेव्हा विभाजक न शोधताच ती संयुक्त ठरली. आता ६५५३६ व ६२२६४ यांची वजाबाकी ३२७२, २०४४९ व १ यांची २०४४८, मसावि ८. त्याच जोड्यांच्या बेरजा १२७८०० आणि २०४५०, मसावि ५०. दोन्ही मसाविंची निम्मी, ४ आणि २५. वर्ग करा, बेरीज करा: १६ + ६२५.