एआय साहाय्यकाबरोबरचे पहिले वर्ष आणि एक चुकीचा प्रश्न

कार्यालयीन कामात एआय साहाय्यक वापरू लागून मला दीड वर्ष झाले असले, तरी नवख्यांना त्याबद्दल सांगायला बसले की सुरुवातीला हातून झालेली एक चूकच आधी आठवते. ई-मेलचा मसुदा, बैठकीचे टिपण, लांबलचक अहवालाचा गोषवारा ही कामे तो करतो, हे आपणांस ठाऊक असणारच. त्यामुळे कोणते बटण कुठे आहे हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही.

तिमाही विक्रीचा अहवाल माझ्याकडे होता. चार विभागांच्या एकूण ३,४१२ नोंदी एकाच एक्सेल तक्त्यात होत्या. मी साहाय्यकाकडून विभागवार बेरजेचे सूत्र लिहून घेतले, त्याने ‘सम-इफ्स’चे नेमके सूत्र दिले, मी ते ओळीने तपासले आणि ते खरोखरच निर्दोष होते. पूर्व विभागाची विक्री मागील तिमाहीपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी घटलेली दिसली. मग मी त्याला विचारले, ‘पूर्व विभागाची विक्री का घटली असावी?’ त्याने क्षणात तीन कारणे दिली: हंगामी मागणीतील मंदी, वितरणातील विलंब आणि वाढलेली स्पर्धा. वाक्ये इतकी नेटकी होती की ‘असावी’चे ‘आहे’ करून मी ती अहवालात उतरवली आणि स्वतःवरच खूश होऊन अहवाल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी पूर्व विभागाच्या प्रमुखांचे एका ओळीचे उत्तर आले: ‘आमच्याकडे वितरणात विलंब झाला, ही माहिती आपणांस कोणी दिली?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण ती माहिती कोणीच दिली नव्हती.

घट झालीच नव्हती. तिमाहीच्या शेवटच्या पंधरवड्यात त्या विभागात नवी संगणक प्रणाली सुरू झाली होती आणि तिच्यातून आलेल्या १३७ नोंदींतील रकमा अंक म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून साठवल्या गेल्या होत्या. ‘सम-इफ्स’ अशा रकमा गुपचूप वगळते. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही, फक्त कमी बेरीज देते. एरवी एक्सेलमध्ये अंक चौकटीच्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे बसतो, त्यावरून शंका येऊ शकली असती, परंतु तक्ता देखणा दिसावा म्हणून कोणीतरी (खरे सांगायचे तर मीच) तो रकाना मध्यभागी जुळवून ठेवला होता. वरिष्ठांनी माझ्या शेजारी बसून दोन रिकाम्या चौकटींत दोन सूत्रे लिहिली. ‘काउंट-ए’ म्हणजे रिकाम्या नसलेल्या चौकटींची संख्या, ती आली ३,४१२; ‘काउंट’ म्हणजे फक्त अंक असलेल्या चौकटींची संख्या, ती आली ३,२७५. त्या दोघांतला फरक बघत मी बराच वेळ गप्प बसून होते.

पुढची गोष्ट अधिक झोंबणारी आहे. दुरुस्तीसाठी मी पुन्हा साहाय्यकाकडेच गेले. त्याने आधी जादा रिकाम्या जागा काढणारे ‘ट्रिम’ हे सूत्र सुचवले, ते लागू पडले नाही; रकमांच्या शेवटी काहीतरी अदृश्य चिकटलेले आहे असे सांगताच त्याने सांगितले की वेबवरून किंवा अन्य प्रणालीतून आलेल्या मजकुरात क्रमांक १६० चे न तुटणारे रिकामे अक्षर असू शकते, ‘ट्रिम’ ते काढत नाही, तेव्हा ‘सबस्टिट्यूट’ने ते काढून मग ‘व्हॅल्यू’ने त्याचा अंक करावा. हे उत्तर अचूक होते. म्हणजे हा दोष ओळखण्यापुरते ज्ञान त्याच्यापाशी होते. मी त्याला ‘ही विदा (डेटा) बेरजेला योग्य आहे का?’ असे विचारलेच नव्हते. मी विचारले होते ‘का घटली?’, आणि त्या प्रश्नातच घट झाल्याचे मी गृहीत धरून दिले होते.

हा सापळा मी इतक्या विस्ताराने सांगते, कारण तो चुकीच्या सूत्राचा नाही. या साहाय्यकांच्या मुळाशी असलेले भाषा-प्रारूप आधीच्या मजकुराला साजेसा पुढचा मजकूर रचत जाते. कारण मागितले की कारणासारखे दिसणारे काहीतरी मिळतेच. त्यालाच ‘हे खरे आहे ना?’ असे विचारून खात्री होत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांना चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले खटले न्यायालयात दाखल केल्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला. त्यांपैकी एकाने ते खटले खरे आहेत का, असे चॅटजीपीटीलाच विचारले होते आणि होकार मिळवला होता. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये एक्सेलच्या चौकटीत थेट लिहिता येणारे, तिच्या एआय साहाय्यकाला प्रश्न विचारणारे कोपायलट सूत्र आणले, तेव्हा अचूकता किंवा पुन्हा तेच उत्तर मिळणे आवश्यक असलेल्या कामांसाठी ते वापरू नये, असे स्वतःच बजावले. म्हणून आकड्यांच्या बाबतीत त्याच्याकडून उत्तर घेऊ नका, सूत्र घ्या. सूत्र निदान उलगडून पाहता येते.

साहाय्यकाला द्यायच्या तयार सूचनांच्या, म्हणजे प्रॉम्प्टच्या, ‘शंभर जादुई प्रॉम्प्ट’ अशा नावाने फिरणाऱ्या याद्यांबद्दल माझे मत कठोर आहे. मी तशा दोन याद्या पाठ केल्या होत्या आणि १३७ नोंदींपुढे त्यांतला एकही प्रॉम्प्ट उपयोगी पडला नाही. त्यापेक्षा ‘हा आकडा कुठून आला?’ असे दर वेळी विचारणारा एक वरिष्ठ शेजारी असावा. असे लोक फार कटकटे वाटतात. मला तर वाटायचेच. उलट ‘एआयने केले आहे ना, मग पाठवून द्या’ असे म्हणणारे मार्गदर्शक स्वभावाने कितीही प्रेमळ असले, तरी नवख्या माणसाचे नुकसानच करतात.

एवढे वाचून घाबरून जाऊ नये. लेखनाच्या कामात या साधनाने माझा खरोखर वेळ वाचवला आहे. रागाच्या भरात लिहिलेला मेल सौम्य करून घेणे, चाळीस मेलांच्या साखळीतून आपल्याकडे कोणते काम आले ते शोधणे, कोऱ्या पानावर पहिला कच्चा आराखडा मांडून घेणे, यांत त्याचा हात चांगला चालतो. गोषवारा मागताना मात्र मी दोन वाक्ये नेहमी जोडते: ‘फक्त दिलेल्या मजकुरातील माहिती वापर, जिथे उल्लेख नाही तिथे “उल्लेख नाही” असे लिही’ आणि ‘झालेले निर्णय व नुसत्या सूचना वेगळ्या दाखव’. दुसरे वाक्य नसेल, तर बैठकीत कोणी सहज म्हटलेले ‘असे करून बघता येईल’ हे टिपणात ठरावाच्या थाटात येऊ शकते. बैठकीचे ध्वनिमुद्रण किंवा लेखी उतारा सुरू करण्यापूर्वी सर्वांना सांगावे.

गोपनीय कागद वैयक्तिक खात्यावरील साधनात टाकू नयेत, यावर अधिक लिहायला नको. संस्थेच्या खात्यातील साहाय्यक साधारणपणे आपल्याला उघडता येतात त्याच फायली पाहतो, परंतु जुनी, सर्वांना खुली राहून गेलेली वेतनाची फाइलही त्यात आली, म्हणून आपल्या सामायिक फोल्डरांच्या परवानग्या एकदा नजरेखालून घालाव्यात.

पहिल्या आठवड्यासाठी एकच काम सुचवते. ज्याचे बरोबर उत्तर आपणांस आधीच माहीत आहे, असा मागील महिन्याचा पूर्ण झालेला अहवाल घ्यावा, त्याची मूळ विदा साहाय्यकाला द्यावी आणि तोच अहवाल त्याच्याकडून नव्याने करून घ्यावा. त्यातील दोन-तीन रकमा मुद्दाम मजकूर करून ठेवाव्यात आणि एका विभागाची विक्री ‘का घटली’ असेही विचारून पाहावे. मी हा प्रयोग त्या प्रसंगानंतर केला. त्याने पुन्हा तीन कारणे दिली, आणि त्या वेळी ‘काउंट’ व ‘काउंट-ए’ यांच्या दोन चौकटी माझ्या तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात आधीपासून भरलेल्या होत्या.