कातळावरच्या सौर-पवन फाईली: 'पड' लिहिलंय म्हणून सही करू नका

सौर किंवा पवन प्रकल्पासाठी सरकारी जमीन मागणारी फाईल पहिल्यांदाच तुमच्या टेबलावर आली असेल, तर मेगावॉटचा हिशोब नंतर करा. सौरला मेगावॉटमागे चार-पाच एकर लागतात, सबस्टेशनची क्षमता महावितरण कळवतं. ते जमून जातं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फाईल अडते ती वनाच्या नोंदीवर. आणि अडली की वर्षानुवर्षं धूळ खाते.

गाव नमुना 1-ब मध्ये जमीन सरकारी आहे, सातबाऱ्यावर 'पड' आहे, एवढं पुरत नाही. इथल्या पुष्कळ वरकस, म्हणजे हलक्या प्रतीच्या जमिनींवर भारतीय वन कायद्याच्या कलम 35(3) खाली, खाजगी वनावर निर्बंध घालण्याआधीच्या, नोटिसा निघाल्या होत्या. 30 ऑगस्ट 1975 ला खाजगी वने संपादन कायदा लागू होऊन तशा जमिनी शासनाकडे गेल्या, पण फेरफार मात्र कित्येक ठिकाणी फार उशिरा पडले. म्हणून ऑनलाइन उताऱ्यावर थांबू नका. जुना सर्व्हे आणि हिस्सा नंबर काढा. 1975 च्या आधीपासूनचे फेरफार रेकॉर्ड रूममध्ये बसून स्वतः वाचा, प्रत्येक उताऱ्याचा 'इतर हक्क' रकाना बघा, वनजमिनींच्या 1-अ नोंदवहीशी जुळवा. मग उपवनसंरक्षकांकडून नंबरवार लेखी अभिप्राय मागा. 'वनखात्याची हरकत नसल्याचे समजते' हे वाक्य टिपणीत कधीच नको.

वनाची नोंद सापडली म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. 2014 च्या गोदरेज निकालात सर्वोच्च न्यायालयानं नुसती नोटीस निघणं पुरेसं धरलं नाही, ती बजावलेली हवी. पण तो वाद तुम्ही टिपणीत मिटवायचा नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानं कागदावर वन नसलेलं जंगलही वन संवर्धन कायद्याच्या कक्षेत आलंय. सिंधुदुर्गात अशा जमिनींना 'वनसंज्ञा' म्हटलं की सगळ्यांना कळतं. वन ठरलं तर केंद्राची मान्यता आधी, बुलडोझर नंतर.

एजंटनं आणलेली तयार फाईल मला कधीच पटत नाही. गावच्या कोतवालाला घेऊन हद्द फिरा, अर्धी माहिती तिथेच मिळते.

मे महिन्यातल्या फोटोंवर तर अजिबात जाऊ नका. तेव्हा सडा, म्हणजे कातळाचं पठार, काळाठिक्कर, ओसाड दिसतो. श्रावणात तिथंच गुरं चरतात, खळग्यात पाणी साठतं, मातीच्या पट्ट्यात नाचणी असते. स्थळपाहणी दोन्ही ऋतूंत करा. कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं, बऱ्याचदा पातळ मातीखाली असतात. बारसू, कशेळी, उक्षीसारख्या सड्यांवर पुरातत्त्व विभागाला आधीच विचारा.

गायरान असेल तर महसूल संहितेचं कलम 22-अ वाचा आणि ग्रामसभेला खरोखर बोलवा. सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून सीआरझेडही (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) नाही असं समजणारे बरेच भेटतील. किनाऱ्यालगत ती तपासणी करावीच लागते.

भाडेपट्ट्यात काम सुरू करायची मुदत, गुरांची वाट आणि देवस्थानचा रस्ता लिहून घ्या. भाडेपट्टा संपल्यावर पाया उखडून नेण्याची अनामतही आधीच घ्या, कारण फोडलेला जांभा पुन्हा जुळत नाही.