इंग्रजी नाम: प्रकार पाठ करण्याआधी मोजून बघा

शाळेत नामाचे पाच प्रकार पाठ करून घेतात: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲब्स्ट्रॅक्ट. परीक्षेत रकाना भरायला ते पुरतात. वाक्य लिहिताना मात्र दोनच प्रश्न कामाला येतात. हे एखाद्याचं खास नाव आहे का? नसेल, तर ते मोजता येतं का? आधी 'अ' लावायचा का, शेवटी 'एस' येईल का, क्रियापद 'इज' की 'आर', हे त्यावरच ठरतं.

पहिला प्रश्न सोपा आहे. पुणे, मंडे, एप्रिल, मराठी ही खास नावं, म्हणून पहिलं अक्षर कॅपिटल. समर, विंटर हे ऋतू मात्र स्मॉल अक्षरानेच. नदी, समुद्र आणि पर्वतरांगेच्या नावाआधी 'द' येतो: द गोदावरी, द अरेबियन सी, द हिमालयाज. शहराला सहसा तो लागत नाही.

खरी गफलत दुसऱ्या प्रश्नावर होते, कारण मराठीतलं वचन आपण नकळत तसंच इंग्रजीत नेतो. पैसे संपले, केस गळले, तांदूळ निवडले: मराठीत तिन्ही अनेकवचनी. इंग्रजीत मनी, हेअर आणि राइस न मोजता येणारी नामं आहेत. म्हणून 'माय हेअर आर ब्लॅक' चूक, 'माय हेअर इज ब्लॅक' बरोबर. न्यूजच्या शेवटी 'एस' दिसतो, तरी 'द न्यूज इज गुड' असंच लिहायचं.

उलटंही होतं. कात्री, चष्मा, पँट आपल्याकडे एकवचनी. सिझर्स, ग्लासेस, ट्राउझर्स इंग्रजीत कायम अनेकवचनी. एकच कात्री सांगायची असेल तर 'अ पेअर ऑफ सिझर्स' म्हणा. पोलीस या शब्दालाही 'आर' लागतं. एकटा असेल तर 'अ पोलीस ऑफिसर'.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क या शब्दांत. यांना 'एस' नाही, 'अ' किंवा 'ॲन'ही नाही. फर्निचर हे अख्ख्या जातीचं नाव. मोजायच्या त्या त्यातल्या चेअर्स आणि टेबल्स. एक सल्ला म्हणजे 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. यांच्याआधी 'मेनी' नाही, 'मच' येतं; 'फ्यू' नाही, 'लिटल'.

शंका आली की अंदाज बांधू नका. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत बहुधा नामापुढे मोजता येत असेल तर 'सी' आणि येत नसेल तर 'यू' छापलेलं असतं. दोन्ही असतील, तर अर्थ बदलतो असं समजा. ग्लास म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला. डोक्यावरचे केस हेअर, पण आमटीत सापडलेला एक केस 'अ हेअर'. नोकरीच्या अर्जात ही चूक महागात पडते: कामाचा अनुभव 'एक्सपीरियन्स', तिथे 'एस' नको. आयुष्यात आलेले निरनिराळे अनुभव सांगायचे असतील तेव्हाच 'एक्सपीरियन्सेस'.

टीम, फॅमिली, कमिटी या समूहवाचक नामांना अमेरिकन इंग्रजीत बहुतेक एकवचनी क्रियापद लावतात, ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. परीक्षेत एकवचन धरा आणि एकाच उताऱ्यात 'इज'वरून 'आर'वर उडी मारू नका.