तारणाची वचनं वाचताना या चुका टाळा

'कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे.' बायबलच्या नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रातली ही दोन वचनं (2:8-9) बहुतेक ख्रिस्ती लोकांना तोंडपाठ असतात; तारण म्हणजे पापापासून सुटका. लगेच पुढचं दहावं मात्र क्वचितच कोणाला आठवतं. आपल्याला सत्कृत्यांसाठी निर्माण केलं आहे, असं त्यात आहे. प्रेषित पौलाने सलग पत्र लिहिलं. नव्या कराराला आजचे वचनांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने थेट 1551 मध्ये घातले. एखादं वचन फ्रेम करून भिंतीवर लावायला हरकत नाही, पण त्यावर शिकवण उभी करायची तर आधी निदान अख्खा अध्याय वाचा.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो पौल आणि नव्या करारातला दुसरा पत्रलेखक याकोब यांच्यावरून. रोम 3:28 प्रमाणे माणूस मोशेच्या नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब 2:24 प्रमाणे कृत्यांनी ठरतो, केवळ विश्वासाने नाही. मग सोयीचं ते धरायचं आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करायचा! प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरसुद्धा 1522 मध्ये याकोबाच्या पत्राला 'पेंढ्याचं पत्र' म्हणून बसला होता. अशा वेळी दोघं उत्तर कोणाला देताहेत ते पाहा. पौलाचा वाद आहे परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर सुंता आणि नियमशास्त्र लादण्याशी. याकोबासमोर आहेत ते उघड्या, उपाशी भावाला 'ऊब घे, तृप्त हो' म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारे. देव एक आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं तो त्यांना सुनावतो. दाखला मात्र दोघांचा एकच, अब्राहामाचा. पौल उत्पत्ती 15 वर थांबतो, जिथे अब्राहामाचा विश्वास त्याला नीतिमत्त्व असा गणला जातो; तेव्हा त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, जन्मही झालेला नाही. याकोब तेच वचन घेतो, पण ते पूर्ण झालेलं दाखवतो उत्पत्ती 22 मध्ये, इसहाक वेदीवर असताना. विश्वासाची सुरुवात आणि त्याची कसोटी, असा हा फरक आहे. कृपा आणि कर्मांचा चर्चमधला जुना वाद यामुळे मिटत नाही, पण याकोबाचं पत्र बाजूला सारायचं कारण उरत नाही.

'माझं तारण झालंय' म्हणणाऱ्याला 'होणार आहे' म्हणणारा लगेच खोडून काढतो. घाई नको. इफिस 2:8 मध्ये ते झालेलं आहे, 1 करिंथ 1:18 मध्ये होत आहे, रोम 5:9 मध्ये व्हायचं आहे. तिन्ही पौलाचीच म्हणून ओळखली जाणारी पत्रं. तसंच फिलिप्पै 2:12 मधलं 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या' ऐकवून कोणाला घाबरवण्याआधी तेरावं वचन वाचा: इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवतो.

एका माणसाची गोष्ट सगळ्यांचा नियम करू नका. श्रीमंत अधिकाऱ्याला येशू सगळं विकायला सांगतो (लूक 18). पुढच्याच अध्यायात जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता देतो म्हणतो, तर त्याच्या घराला तारण प्राप्त झाल्याचं येशू जाहीर करतो. वधस्तंभावरच्या चोराला तर काही द्यायला सवडच नव्हती.

तारणासाठी बाप्तिस्मा हवाच का, हा वाद एकट्या मार्क 16:16 वर ('जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल') लढवू नका. 16:9-20 हा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाही. त्यापेक्षा प्रेषितांची कृत्ये 2:38 आणि 10:44-48 शेजारी शेजारी ठेवून वाचा: एकीकडे बाप्तिस्मा आधी आणि पवित्र आत्म्याचं दान मागाहून, तर दहाव्या अध्यायात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी नेमकं उलट.